मदत हवी आहे: एलएलएम (कायद्यातलं मास्टर्स) करू की कोर्टातच राहू? (सेलू, जि. परभणी)

सेलूकर: तीन वर्षांची एलएलबी, ५६ टक्के, वकिलीची सनद मिळालीय, सेलूच्या कोर्टात ज्युनिअर आहे. कॉलेजवर शिकवणं आणि जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) होणं, दोन्ही डोक्यात आहे. एलएलएम एक वर्षाचं घ्यावं की दोन वर्षांचं? 'ऑनलाइन एक्झिक्युटिव्ह एलएलएम'ची जाहिरात आलीय, कोर्ट सांभाळून होतं म्हणे. धाकटी बहीण बी.कॉम. आहे, तिला कायद्यात मास्टर्स जमेल का?

कलम_बत्तीस: ऑनलाइनवाल्याला पैसे भरू नका. पूर्वपरवानगीशिवाय चालणारे ऑनलाइन, दूरस्थ, एक्झिक्युटिव्ह एलएलएम मान्य नाहीत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं जून २०२५ मध्ये बजावलंय. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी, प्राध्यापकी, कुठंच ते धरत नाहीत. आधी परवानगीचं पत्र दाखवा म्हणावं.

जेएमएफसीला एलएलएम लागतच नाही. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, ती वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची. वकिली केल्याचा दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा लागतो, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची पुष्टी. म्हणून वकीलपत्रावर सीनियरच्या खाली तुमचंही नाव आणि सही असू द्या, केस नंबर आणि तारखांची वही ठेवा. नुसत्या फायली वाहण्यात तीन वर्षं गेली तर दाखला लिहिताना सीनियरचाही हात अडखळतो.

गोदाकाठ: शिकवायचंच असेल तर मात्र एलएलएम कराच. तिथं मेख एलएलएमच्या ५५ टक्क्यांची (राखीव प्रवर्गाला ५०). नेटच्या नियमात राउंडिंग नाही, ५४.९ म्हणजे नापात्र. निकाल सीजीपीएमध्ये (टक्क्यांऐवजी ग्रेडच्या सरासरीत) असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीचं पत्र निकालासोबतच काढून घ्या. नेटमध्ये १५० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही मोकळा सोडू नका. सेट ही राज्यपातळीची तशीच परीक्षाही चालते, पण ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती.

एक वर्षाचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरला कांचनवाडीचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, प्रवेश क्लॅट पीजी या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतून. १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, पेपर फक्त इंग्रजीत. मराठीतून एलएलबी लिहिणारे कायद्यात नाही, वेळेत मार खातात. निकालपत्रातले उतारे असतात, त्यामुळं गाइड बाजूला ठेवा आणि घटनापीठाचे निकाल मुळातून वाचा, रोज दहा पानं घड्याळ लावून. वर्षात प्रबंधही बसवायचा असतो, मग कोर्ट सुटतंच. दोन वर्षांचं तुम्हाला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीत, नांदेड-लातूरकडं बघता येईल. फी हलकी, पण हजेरीचं आधी विचारा. एकाच दिवशी वर्गात आणि कोर्टातही हजर दाखवाल तर दोन्ही कागद अंगाशी येतील.

सेलूकर: म्हणजे जेएमएफसीचीच तीन वर्षं आधी भरू?

कलम_बत्तीस: हो भाऊ, वही आजपासून. मधल्या काळात क्लॅट पीजी देऊन बघा, पेपर डिसेंबरात असतो.

गोदाकाठ: ताईंना एलएलबीशिवाय एलएलएम नाही. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचं मास्टर ऑफ बिझनेस लॉज कुठल्याही पदवीधराला चालतं, कंपनीत अनुपालनाच्या (कायदे-नियम पाळले जातात का ते बघण्याच्या) कामाला उपयोगी पडतं. पण त्यावर सनद मिळत नाही. काळा कोट घालायचा असेल तर तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्या म्हणावं, आणि राखीव जागेतून जाणार असाल तर जात पडताळणीचा अर्ज आत्ताच टाका. प्रवेशफेरीत घोडं तिथंच अडतं.