मदत हवी आहे: बॅरी गोल्डवॉटर यांचं १९६४ चं मत कसं समजून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासमंडळात अमेरिकेतल्या पुराणमतवादी राजकारणावर बोलायचं आहे आणि मी बॅरी गोल्डवॉटर यांना निवडलं आहे. त्यांचा जन्म १९०९ मध्ये फिनिक्सचा, म्हणजे ॲरिझोना राज्य होण्याच्याही आधीचा. घरचं मोठं दुकान होतं. १९४९ मध्ये ते नगरपरिषदेत गेले आणि १९५२ मध्ये थेट सिनेटमधल्या डेमोक्रॅट बहुमताच्या नेत्याला, अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना, हरवून सिनेटर झाले. इथवर सगळं सरळ आहे.

माझं गाडं अडतंय ते १९ जून १९६४ ला. त्या दिवशी वर्णभेदाला हॉटेलं, दुकानं, नोकऱ्या अशा ठिकाणी बंदी घालणारा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. विरोधात गेलेल्या मोजक्या सहा रिपब्लिकनांत गोल्डवॉटर होते. त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते एव्हरेट डर्कसन मात्र विधेयकासाठी जिवाचं रान करत होते. बरं, हेच गोल्डवॉटर १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांच्या बाजूने उभे राहिले होते. ॲरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमध्ये त्यांनी गोऱ्या-काळ्यांना एकत्र घेतलं, तेही सैन्यातला वर्णभेद संपवणारा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश येण्याआधी. मग इथेच काय आडवं आलं? त्यांचं म्हणणं असं, की खाजगी हॉटेलं-दुकानं आणि नोकऱ्या यांत दखल द्यायचा अधिकार राज्यघटना केंद्र सरकारला देत नाही.

हा युक्तिवाद त्यांच्या बाजूने प्रामाणिक असेल, असं मला वाटतं. पण त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार होते, तर नोव्हेंबरचा निकाल बघा. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना ४८६ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, ज्यांवर निकाल ठरतो), गोल्डवॉटर यांना ५२. स्वतःचं ॲरिझोना जेमतेम एका टक्क्याने राखलं, बाकीची पाच राज्यं सगळी दक्षिणेतली. मिसिसिपीत तर त्यांना ८७ टक्के मतं पडली, आणि तिथे बहुसंख्य काळ्या नागरिकांना मतदार यादीत नावच घालू देत नसत. ती मतं राज्यघटनेच्या कलमांसाठी पडली, असं मी श्रोत्यांना कोणत्या तोंडाने सांगू? तत्त्व खरं असलं तरी ते कोणाच्या कामी आलं, हे बोलल्याशिवाय भाषण अर्धवट राहील.

तर मदत अशी हवी आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी सिनेटमध्ये केलेलं भाषण संपूर्ण वाचायचं आहे, उतारे नकोत. अमेरिकी संसदेच्या जुन्या कामकाजात ते शोधायची नेमकी पद्धत कुणी सांगेल का? दुसरं, ऑगस्ट १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरणात महाभियोगाची वेळ आली असताना, ह्यू स्कॉट आणि जॉन रोड्स या पक्षनेत्यांसोबत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटून ‘सिनेटमध्ये तुमच्या बाजूने पुरेशी मतं नाहीत’ हे सांगायला गेलेले गोल्डवॉटर मला याच भाषणात घ्यावेसे वाटतात. वेळ चाळीस मिनिटं आहे. दोन्ही प्रसंग मावतील, की १९६४ वरच थांबू?

फिनिक्सच्या बाजूला राहणारं कुणी इथे असेल, तर तिथली जुनी माणसं, विशेषतः काळे रहिवासी, त्यांच्याबद्दल काय बोलतात तेही जरूर लिहा.