टास्क सांभाळणाऱ्या एजंटसाठी टूलचं डिस्क्रिप्शन नेमकं कसं लिहायचं?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या एका बेदाण्याच्या अडत दुकानासाठी एआय एजंट बनवतोय, म्हणजे मेसेज वाचून स्वतः काम करणारा प्रोग्राम. मालक मराठीत मेसेज टाकणार आणि एजंटनं त्याचं टास्क करून माणसाला लावायचं, म्हणजे कोल्ड स्टोरेजमधनं सॅम्पल आणणं, सौद्याआधी गाडी लावणं, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) पोचवणं असलं सगळं. टूल, म्हणजे एजंटला वापरता येणारी फंक्शनं, पाच दिलेत: क्रिएट टास्क, अपडेट टास्क, कम्प्लीट टास्क, डिलीट टास्क, सर्च टास्क.

गोंधळ असा होतोय की मालक म्हणाले "कवठ्याच्या पार्टीचं सॅम्पल उद्या नको, शुक्रवारी काढा" तर एजंटनं शुक्रवारचं नवीन टास्क केलं आणि उद्याचं तसंच ठेवलं, पोरगं दोन्ही दिवशी स्टोरेजला जाऊन आलं. आणि "गाडीचं राहू दे" म्हटलं की कधी कम्प्लीट मारतंय, कधी डिलीट. डिस्क्रिप्शन सगळी एका ओळीची आहेत, "टास्क अपडेट करतं" एवढंच. एजंटमागचं एआय मॉडेल मोठं घेऊ का हे डिस्क्रिप्शननंच सुटेल? आणि मराठीत लिहू का इंग्रजीत?

अजिंक्यतारा_देव

भावा मॉडेल आत्ताच बदलू नको. तुझा कोड त्याला दिसतच नाही, दिसतं फक्त टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरची स्कीमा (कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा), बास. त्यामुळं अपडेट आणि क्रिएट यातला फरक तुझ्या डोक्यात कितीही स्पष्ट असला तरी तो लिहिलेला नसेल तर मॉडेल अंदाजच लावणार. क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ दिलंय की प्रत्येक टूलला निदान 3-4 वाक्यं तरी लिहा. अपडेटचं असं करून बघ:

"आधीपासून असलेल्या टास्कची तारीख, वेळ, माणूस किंवा मजकूर बदलायला हे वापरा. मेसेजमध्ये 'नको, अमुक दिवशी', 'पुढं ढकला', 'त्याच्याऐवजी ह्याला सांगा' असं काही असेल तर नवीन टास्क करू नका, आधी सर्च टास्कनं जुनं शोधा आणि तिथनं मिळालेला आयडीच इथं द्या. एकापेक्षा जास्त टास्क सापडली तर काही न बदलता कुठलं ते विचारा. काम पूर्ण झालं असेल तर कम्प्लीट टास्क वापरा. जी फील्ड पाठवणार नाही ती आहे तशीच राहते."

ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, पण बहुतेक ठिकाणी ते नसतंच. मग मॉडेल सगळी फील्ड परत भरून पाठवतंय, त्यात माणसाचं नाव रिकामं गेलं की टास्क कुणाच्याच नावावर राहत नाही. आणि क्रिएटच्या डिस्क्रिप्शनमध्ये हीच गोष्ट उलट बाजूनं लिही, की त्याच पार्टीचं त्याच कामाचं टास्क आधीच उघडं असेल तर हे वापरू नका. एकाच बाजूला लिहिलं तर काम अर्धंच होतं.

हळद_पेठ

वरच्याला अनुमोदन, पण डिलीट टूल एजंटला देऊच नकोस माझं स्पष्ट मत. "डिलीट करण्याआधी विचारा" असं कितीही ठळक लिहिलं तरी ती विनंती आहे, कुलूप नव्हे. एमसीपीमध्ये (मॉडेलला टूल जोडायची एक प्रमाण पद्धत) सुद्धा डिस्ट्रक्टिव्ह हिंट, म्हणजे हे टूल काही पुसू शकतं अशी खूण, म्हणून सोय आहे पण नावातच हिंट आहे, ती काय अडवत नाही, अडवायचं तर तुझ्या कोडनंच. त्यापेक्षा स्टेटसला ठरलेल्या तीनच किमती ठेव, चालू, पूर्ण, रद्द, आणि त्या स्कीमात ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) म्हणून दे, म्हणजे मॉडेलला चौथं काही सुचायलाच नको. मग कम्प्लीट आणि डिलीट दोन्ही टूल जातात, अपडेटमध्येच सगळं बसतं. स्टेटसच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिही: काम प्रत्यक्ष झालं तर पूर्ण, "राहू दे", "गरज नाही", "कॅन्सल" असेल तर रद्द. वर्षाअखेरीला किती गाड्या रद्द झाल्या ते पण मालकाला बघता येईल, डिलीट केलं असतं तर कुठनं बघणार.

आणि एरर मेसेज! तो पण मॉडेल वाचतंय हे धरून लिही. नुसतं "एरर 400" परत आलं तर ते तीच चूक परत परत करत बसतं. "हा आयडी सापडला नाही, आधी सर्च टास्क वापरून आयडी घ्या" असं परत दिलं की बहुतेक वेळा आपसूक रुळावर येतं.

माणदेशी_सर्व्हर

भाषेचं सांगतो. सूचना इंग्रजीत आणि उदाहरणं मराठीत, असं मी करतो. मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या बहुतेक टोकनायझरमध्ये देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात आणि टूलची डिस्क्रिप्शन दर कॉलला सोबत जातात, त्यामुळं खर्चाला फरक पडतो. पण मालक ज्या शब्दात बोलतात ते शब्द मात्र जसेच्या तसे मराठीतच हवेत, पट्टी, सौदा, पार्टी यांचं भाषांतर करत बसू नको.

तारखेचं बघितलंस का? मॉडेलला आज कुठली तारीख आहे ते आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या कायमच्या सूचना) वारासकट तारीख दे आणि ती भारताच्या वेळेनं दे. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ) असेल तर आपल्याकडं पहाटे 5 ला तिथं आदल्या दिवशीचे रात्रीचे 11:30 झालेले असतात, यार्डातली माणसं तर त्या वेळेला मेसेज टाकतातच, मग "उद्या" म्हणजे आजच धरलं जातं. पॅरामीटरमध्ये फॉरमॅट पण उदाहरणासकट लिही, 2025-03-14 असा, नाहीतर 03/04 आलं की मार्च का एप्रिल हे कुणालाच ठरवता येणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली

डिलीटचं एकदम पटलं, आजच काढतो. एकच शंका, हे सगळे नियम सिस्टीम प्रॉम्प्टमध्येच एकत्र लिहिले तर नाही का चालणार?

अजिंक्यतारा_देव

चालतं, पण एका टूलपुरता नियम त्या टूलजवळच ठेव, उद्या तेच टूल दुसऱ्या एजंटला जोडलंस तर नियम सोबत जातो. सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये आजची तारीख, दुकानातली माणसं कोण कोण आणि कुणाचं काम काय, एवढं पुरे. आणि तपासायला स्वतः वाक्यं रचू नको, मालकाचे जुने खरे मेसेज घे, प्रत्येकापुढं कुठलं टूल यायला पाहिजे ते मालकालाच विचारून लिही आणि दर बदलानंतर ते सगळे परत चालव. एका वेळी एकच डिस्क्रिप्शन बदल, म्हणजे कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळेल.