मठात म्युझियम झालं, मग ठाण्याच्या किल्ल्याचं काय?

घोडबंदरकर: लेकाकडे पोलंडला व्रोत्सवाफला गेलो होतो. तिथे आर्किटेक्चरचं म्युझियम आहे, 1965 मध्ये सुरू झालेलं, तेही बर्नार्डाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या पंधराव्या शतकातल्या मठात. आत 12व्या शतकातला एक कोरीव दगड आहे, दारावर बसवतात तसला. तो दुसऱ्याच एका मठाचा, तो मठ 1529 लाच पाडला, हा दगड मात्र वाचला. मी अर्धा तास तिथेच, बायको वैतागली. तर मुद्दा असा, आपला किल्ला अजून किती वर्षं जेल म्हणून वापरणार? करा ना असं काहीतरी.

नौपाड्याची मावशी: अहो पण मठ म्हणजे देवाची जागा, तिथे नकाशे टांगायचे? उद्या कौपीनेश्वरात प्रदर्शन भरवाल.

घोडबंदरकर: मावशी, कौपीनेश्वरात रोज पूजा होते, त्याला कोण हात लावतंय! व्रोत्सवाफच्या मठातले साधू 1522 लाच गेले, दुसऱ्या महायुद्धात 1945 च्या वेढ्यात इमारतीची पार वाट लागली, ती पुन्हा उभी केली. देव कधीच बाहेर पडला होता.

पाचपाखाडी पक्या: किल्ल्यात असलं म्युझियम करायला माझा विरोध. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 ला मराठ्यांनी घेतला, आणि 19 एप्रिल 1910 ला क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना फाशी दिली ती तिथेच. जेल हलवलंच तर आधी ते दाखवा, कमानी आणि खांब नंतर. आणि मठच हवा तर वसईला जा, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा सगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मठांचे अवशेष आहेत, आपण तिथे प्रीवेडिंग शूट करतो.

बेलापूरवाला: आणि ठेवणार काय त्यात? मामाचा नौपाड्यातला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला तेव्हा सागवानी खांब वखारवाला टेम्पोत घालून घेऊन गेला, तुळईवरची कोयरीची नक्षी वर तोंड करून पडलेली, पावसात. मामा नुसता बघत होता. बिल्डरने पार्किंग दिलं म्हणून सगळे खूश.

घोडबंदरकर: अरे मग तेच म्हणतोय मी! तो खांब ठेवायला जागा असती तर वखारीत गेला असता का?

पाचपाखाडी पक्या: काका, जागा असती तरी मामांनी विकलाच असता. पैसे कोण देणार होतं त्यांना?

नौपाड्याची मावशी: एकही नाही ठेवला रे?

बेलापूरवाला: ठेवलाय एक. आमच्या बाल्कनीत आडवा, त्यावर तुळशीची कुंडी. सोसायटीवाले दर मिटिंगला म्हणतात काढा.