हळदीचे डाग पडलेले पुस्तक ‘आवडते’ म्हणावे का?

केळीच्या मळ्यातून (रावेर)

आमच्या वाचनालयात गेल्या महिन्यात सभासदांना एका वहीत आपापली पाच आवडती पुस्तके लिहायला सांगितली होती. मी पहिल्या क्रमांकावर ‘कोसला’ लिहिले, दुसऱ्यावर नारायण धारपांची एक भयकथा आणि तिसऱ्यावर केळी लागवडीची एक जुनी मार्गदर्शिका. वही सांभाळणाऱ्या गृहस्थांनी अगदी सौम्यपणे सुचवले की हे उपयोगाचे पुस्तक झाले, आवडीचे दुसरे काही लिहावे. भयकथेलाही त्यांनी हरकत घेतली नाही, केळीलाच घेतली, म्हणून हा धागा काढतो आहे.

ती मार्गदर्शिका माझ्या वडिलांची. तिच्यात पाच बाय पाच फुटांवर लागवड करावी, म्हणजे एकरी १७४२ झाडे बसतात, असे छापले आहे. समासात वडिलांनी पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आपल्याकडे ६ × ५. १४५२ पुरे. हवा खेळते, करपा कमी.’ दरवर्षी मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीची, तयारी सुरू झाली की मी ते पुस्तक काढतो. आकडे पाठ असूनही काढतो. ज्या पुस्तकाकडे माणूस पुन्हा पुन्हा जातो ते त्याचे आवडते पुस्तक, इतकी साधी माझी व्याख्या आहे. ती कुठे चुकते, हे जाणकारांनी सांगावे.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, पुन्हा पुन्हा जाणे हीच कसोटी लावली, तर पंचांग आणि एसटीचे वेळापत्रक ही महाराष्ट्राची सर्वांत लाडकी पुस्तके ठरतील. समासातली नोंद वाचताना मीही क्षणभर थांबलो. पण तुम्हाला ओढ आहे ती वडिलांच्या हस्ताक्षराची, पुस्तकाची नव्हे. त्याच मार्गदर्शिकेची कोरी प्रत हाती दिली, तर ती तुम्ही यादीत लिहाल का? याउलट १९६३ साली आलेल्या ‘कोसला’ची कोणतीही प्रत घ्या, कालच छापलेली का असेना, सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो आणि आपण त्याच्यामागे जातो, ही किमया प्रत्येक प्रतीत तशीच असते.

आणि हे आम्ही धुळेकर जरा अभिमानाने सांगतो : १९३२ साली येथील तुरुंगात विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती बसल्या बैठकीत टिपून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ उभे राहिले. पुस्तक म्हणतात ते याला. त्याच्या शेजारी खतांच्या मात्रांचे कोष्टक ठेवायचे असेल तर ठेवा, फक्त दोघांना एकच विशेषण लावू नका.

हतनूरचा हिवाळा (सावदा)

पांझराकाठ यांचा युक्तिवाद देखणा आहे, पण तो माझ्या अनुभवाशी जुळत नाही. चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालते, हे मी शाळेपासून कवितेच्या रसग्रहणात लिहीत आलो आणि त्यावर गुणही मिळवले. पक्षी मात्र कधी पाहिला नव्हता. पाहिला असता तरी ओळखला नसता. काही वर्षांपूर्वी थंडीत हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी पाहण्याची मार्गदर्शिका हातात धरून उभा होतो. समोर नारिंगी-तपकिरी अंगाची, फिकट डोक्याची, बदकासारखी दोन पाखरे बसलेली. पान उलटले, चित्र जुळले. ती उडाली तेव्हा पंखांवरचे पांढरे पट्टे दिसले आणि पुस्तकात तेही लिहिलेले होते. नावापुढे कंसात ‘चक्रवाक’ हा शब्द वाचला तेव्हा अंगावर काटा आला, तसा तो त्या कवितेनेही आला नव्हता. कोरी करकरीत प्रत होती, कोणाचे हस्ताक्षर नव्हते. आता सांगा.

रात्रपाळी (भुसावळ)

एक आठवण तेवढी करून देतो. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचल्या, कारण त्यांना ‘पुस्तक’ म्हणायला घरातले कोणी तयार नव्हते. आज त्यांच्यावर गंभीर लेख येतात. धारपांना वहीत जागा मिळाली तीही याच क्रमाने. केळीचा क्रम अजून यायचा आहे, एवढेच.

खापर आणि कळणा (जळगाव)

शीर्षकात हळद आहे आणि स्वयंपाकघर अजून कोणी उघडले नाही, म्हणून लिहिते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. वाटी आणि चमच्याच्या मापाने लिहिलेले असल्यामुळे नवख्या मुलीलाही त्याचा आधार वाटे. माझ्या प्रतीत पुरणपोळीच्या पानावर तुपाचा एवढा मोठा डाग आहे की पलीकडची अक्षरे दिसतात. तरीही खापरावरची पुरणपोळी मला त्यातून आली नाही. ती हातावर झुलवत मोठी करायची असते आणि ते सासूबाईंच्या मनगटाकडे पाहूनच शिकावे लागते. इथवर मी पांझराकाठ यांच्या बाजूची आहे. पण खरे सांगायचे तर हल्ली मी ते पुस्तक स्वयंपाकासाठी उघडतच नाही. दुपारची झाकपाक झाली की आडवी होऊन, जे पदार्थ मी जन्मात करणार नाही त्यांच्या कृती वाचते. याला उपयोग म्हणायचे की वाचन?

पांझराकाठ (धुळे)

ताई, याला वाचनच म्हणावे लागेल. तिथे मी निरुत्तर आहे. चक्रवाकाविषयी मात्र माझा आक्षेप कायम आहे. काटा आला तो कवितेने आधी मनात घर केले होते म्हणून. मार्गदर्शिकेने फक्त दार दाखवले. आणि केळीवाल्या भाऊंनी कोऱ्या प्रतीचे उत्तर अजून दिलेले नाही.

केळीच्या मळ्यातून (रावेर)

देतो. पुतण्याने मध्यंतरी तिची नवी, सुधारलेली आवृत्ती आणली होती. काल दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. जुनीत निसवणीचे, म्हणजे झाडातून घड बाहेर पडण्याचे, वर्णन पाऊण पानभर आहे : शेवटचे पान आखूड कसे येते, ते आले की घड जवळ आला हे कसे ओळखावे, त्या दिवसांत सकाळी बागेत फिरताना नजर कुठे ठेवावी. लिहिणारा माणूस बागेत उभा राहून लिहितो आहे, हे ओळीओळीत कळते. नवीत त्याच जागी चार रकान्यांचे कोष्टक आहे. माहिती तीच, किंबहुना थोडी अधिकच. नवी मी यादीत लिहिणार नाही, हे मान्य. जुनीची कोरी प्रत मिळाली असती तर लिहिली असती, हेही तितकेच खरे. उद्या वाचनालयात जाऊन तिसऱ्या क्रमांकापुढे ‘जुनी आवृत्ती’ असे लिहून येतो.