मदत हवी आहे: स्वाइप मशीनमध्ये कुणी काही बसवलंय का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. तुळशीबागेजवळ आमचं छोटं कटलरीचं दुकान आहे. शनिवारी ऐन गर्दीत एक जण आला, "बँकेकडून आलोय, मशीन अपडेट करायचंय" म्हणाला. गळ्यात आयकार्ड, म्हणून काउंटरवरच्या पोराने मशीन देऊन टाकलं. मी नेमका जेवायला घरी! चांगली दहा मिनिटं ते त्याच्याकडे होतं.

आता मागच्या स्टिकरचा कोपरा उचकटलेला दिसतोय, कार्ड खोचताना किंचित अडकतंय. सीरियल नंबर मात्र कागदपत्रांशी जुळतो. अशी मशीनं उघडली तर आतल्या गुप्त सांकेतिक किल्ल्या (एन्क्रिप्शन की) पुसल्या जातात आणि मशीन बंद पडतं, असं वाचलंय. आमचं चालू आहे. पण कार्डाची माहिती चोरणारी पातळ पट्टी खाचेत सरकवायला मशीन उघडावं कशाला लागतंय?

बँकेला फोन केला, तर आमच्याकडून कुणी पाठवलेलं नाही म्हणाले. तूर्त मशीन पिशवीत बांधून ठेवलंय, क्यूआरवर भागवतोय.

कुणी यातून गेलंय का? पैसे गेल्याची तक्रार नसताना १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) नोंद घेतात, की थेट पोलीस चौकी गाठू? आणि शनिवारनंतर ज्यांनी कार्ड वापरलं, त्या गिऱ्हाइकांना काय सांगू? निम्मी ओळखीची आहेत हो.