शब्द विसरलेलं ‘मॅक द नाइफ’ थोर कसं?

लयवेडी
१३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेरल्ड ‘मॅक द नाइफ’ गायला घेते. शब्द आठवले तर बरं, असं श्रोत्यांना आधीच सांगते, आणि मध्यावर ते खरंच जातात. पॉल स्मिथचा पियानो चालू, ठेका चालू, ती थांबतच नाही. पुढचं कडवं कुठलं, असं सुरातच विचारते. हे गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं ओळीत बसवते, मग लुईचा खरखरीत आवाज काढते. लय तसूभर हलत नाही. स्टुडिओत दुसरा टेक घेतला असता आणि आपण याला मुकलो असतो. या गाण्याचं इतकं जिवंत रूप मी दुसरं ऐकलेलं नाही.

काळी पाच
सहमत नाही. एलाचं कौतुक करताना गाणं बाजूला पडतंय. ते ‘थ्रीपेनी ऑपेरा’ या जर्मन नाटकातलं: नाटककार ब्रेख्टचे शब्द, संगीतकार कुर्ट वाइलची चाल. रस्त्यावरचा गायक एका खुन्याच्या गुन्ह्यांची जंत्री वाचतो. १९२८ साली ते याच बर्लिनमध्ये रंगमंचावर आलं. चाल गोड, मजकूर रक्ताळलेला, धार आहे ती त्यात. पुलंनी याच नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. त्यातल्या गाण्यांचे शब्द काढून बघा, काय उरतं?

लयवेडी
डॅरिनने १९५९ मध्ये शब्द न विसरताही त्याचं नाचरं गाणं केलंच होतं. म्हणजे धार आधीच गेली होती. आणि विलंबित ख्यालात शब्द कितीसे कळतात? तरी समेला दाद जातेच ना?

काळी पाच
डॅरिनचं मान्य. ख्यालाचं नाही. बंदिशीला गोष्ट सांगायची नसते, या गाण्याला सांगायची आहे. त्याच मैफलीतलं ‘हाउ हाय द मून’ ऐका. तिथे ती शब्द स्वतःहून सोडते आणि कितीतरी वेळ निरर्थक अक्षरांवर गाते, मध्येच दुसऱ्या गाण्यांचे तुकडे गुंफते. माझ्या लेखी ते मोठं काम.

खर्जातला
मी बास वाजवतो, म्हणून मागच्या बाजूने सांगतो. सोळा बारचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) छोटा आकार पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे वादक हरवत नाहीत. पण गायिकेला दर चार बारला नवी ओळ लागते, यमकासकट. ‘हाउ हाय द मून’मध्ये अक्षरं कुठलीही चालतात. इथे तिला अर्थ लागेल असं बोलायचं होतं, तेही पुढची ओळ माहीत नसताना. मला हेच अवघड वाटतं.

काळी पाच
अवघड, हो. पण ब्रेख्टचं गाणं मला त्यात अजूनही ऐकू येत नाही.