नदीकाठच्या उद्यानात जायला आखणी कशाला?

मोकळा_श्वास: शहरातल्या नदीकाठच्या उद्यानात जाण्याआधी नकाशा, वेळा आणि हवामानाचा अंदाज पाहत बसणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. मनात आले की चपला घालून निघावे, यासाठीच उद्यान असते. आखणी डोंगर चढणाऱ्यांनी करावी.

काठावरची: हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहिते. बागेतले तळे जागच्या जागी असते. नदी वरून येते. आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असताना वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असू शकतो किंवा धरणातून विसर्ग सुरू झालेला असू शकतो, आणि आपण चटई पसरतो ती खालची पायवाट बहुधा पुराचे पाणी सामावून घेण्यासाठीच मोकळी ठेवलेली असते. माझ्या भाच्याने खालच्या पायरीवर काढून ठेवलेले बूट आमच्या डोळ्यांदेखत तरंगू लागले, तेव्हा तिथे पावसाचा थेंबही नव्हता. वेगाने वाहणारे अवघे १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकते, मग लहान मुलांचे काय?

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात काँक्रीटचा कालवा काढून नदीला तिची वळणे परत दिली आणि २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथे मुले थेट पाण्यापर्यंत उतरतात, पण पाण्याची पातळी टिपणारी यंत्रे, भोंगे आणि इशाऱ्याचे दिवेही तिथेच बसवलेले आहेत. दक्षिण कोरियातल्या सोलमधल्या च्योंगग्येचॉन ओढ्याचा काठ जोराच्या पावसात बंद करतात, कारण आसपासच्या भागातले पावसाचे पाणी त्यात एकदम येऊन पडते. या शहरांना जे गांभीर्याने घ्यावेसे वाटते, ते आपण चपला घालताना विसरायचे का?

मोकळा_श्वास: पावसाळ्यापुरते आपले म्हणणे मान्य करतो, त्याहून अधिक नाही. उरलेले महिने तरी माणसाला मोकळेपणाने फिरू द्या.

सकाळचा_फेरा: पूर क्वचित येतो, सायकली रोज येतात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ज्येष्ठांना घेऊन जाण्याचा बेत आखूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची आई पायवाटेच्या मधोमध चालत होती. अगदी पाठीशी येऊन वाजवलेल्या घंटेने ती दचकून डावीकडे सरकली, आणि सायकलस्वार नेमका तिथूनच पुढे काढत होता. मनगटाचे हाड मोडले. तो मनुष्य मात्र घंटा वाजवली होती एवढेच सांगत राहिला.

दोन_चाके: आपल्या मातोश्रींना झालेल्या इजेचे मनापासून वाईट वाटते, पण एका माणसाच्या उर्मटपणाचा दोष सगळ्यांच्या माथी मारू नका. चौघे-चौघे आडवी रांग करून, कानांत इअरफोन घालून चालतात, तेव्हा आम्ही जावे कुठून? घंटा वाजवली तर उद्धट, न वाजवली तर बेदरकार! मोटारींच्या रस्त्यावर जीव धोक्यात घालण्यापेक्षा मुलीला सायकल शिकवायला मी तिथेच नेतो आणि नेत राहणार.

सकाळचा_फेरा: न्या, पण चालणाऱ्याच्या वेगाने न्या. जिथे माणसे पायी चालतात तिथे वेगवानाने थांबायचे, हे सांगावे लागते याचाच मला संताप येतो.

नकाशावाचक: दोघेही रुंदीविषयी बोलत नाही आहात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात उद्यान केले, म्हणून तिथे अख्ख्या पात्राची रुंदी वापरायला मिळाली. जिथे नदी अजून वाहते आहे तिथे काठाची अरुंद पट्टीच हाती येते आणि तीत चालणारे, धावणारे, सायकलवाले सगळे कोंबले जातात. म्हणूनच निघण्यापूर्वी सायकलींचा मार्ग वेगळा आहे की सामाईक, हे नकाशात पाहणे मला आवश्यक वाटते.

काठावरची: मूळ मुद्दा पुन्हा मांडते, कारण तो सायकलींखाली दडपला गेला आहे. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस शहरातल्या नदीत गटारांचे पाणी मिसळलेले असू शकते, तेव्हा मुलांना त्यात खेळू देऊ नये. बंधाऱ्याखालचे पाणी वरून शांत दिसले तरी आत गोल फिरत राहते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडू देत नाही. विजा कडाडू लागल्या तर पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. झाड हा आसरा नव्हे. जवळची पक्की इमारत कुठे आहे, हे ढग आल्यावर शोधायचे का?

मोकळा_श्वास: पाण्याची पातळी पाहून निघेन, एवढे आपल्या आग्रहाखातर कबूल करतो. वेळापत्रक मात्र करणार नाही.

दोन_चाके: मीही घंटा लांबूनच वाजवीन आणि गर्दी असेल तिथे उतरून सायकल हातात धरीन. संध्याकाळ चालणाऱ्यांना सोडून आम्ही पहाटे येऊ.

सकाळचा_फेरा: उतरून चालणार असाल तर माझी तक्रार नाही. पण पहाटेची वेळ आमची आहे. हाताला प्लास्टर असतानाही आई त्याच वेळी यायची. ती वेळ तरी आमच्याकडून काढून घेऊ नका.